डोंगरातली दिवळी

१

सुरुंग उडाले, पंख्याने धूर ओढून बाहेर टाकला, लोंबते दगड पाडून झाले, की त्या नव्या उघड्या खडकापुढे पहिल्यांदा उभं राहायचा मान पल्लवीचा. मान म्हणायचा आपला. खरं तर ती जबाबदारी होती, आणि अख्खा डोंगर डोक्यावर घेऊन ती पार पाडायची होती.

कोरेगावहून खंडाळ्याच्या अंगाला निघालं की मालदरीचा डोंगर आडवा येतो. त्याच्या पोटातून रेल्वेचा बोगदा चालला होता. दोन्हीकडून खणत यायचं आणि मधे भेटायचं असा बेत होता. पल्लवी कोरेगावच्या बाजूची जिऑलॉजिस्ट. खणून खणून जिथवर पोचलो त्या पुढच्या खडकाच्या भिंतीला तिथे सगळे ‘फेस’ म्हणत. दर सुरुंगाला फेस तीन मीटर पुढे जाई. पल्लवी हातोडीने तो ठोकून बघे, त्यातल्या भेगा, ओल, रंग कागदावर उतरवी आणि खाली सही करी. ती सही झाल्याशिवाय पुढचं ड्रिल चालू व्हायचं नाही. मोठमोठे साहेब त्या सहीसाठी ताटकळत उभे राहत, आणि ती शांतपणे पेन्सिलीला टोक काढत बसे.

ड्रिलवर तिचा धाकटा भाऊ मल्हार होता. आटपाडीकडचं धनगराचं घर त्यांचं. आता मेंढरं कमी आणि डाळिंब जास्त. मल्हार मशिनीवर हुशार निघाला, म्हणून तिनेच त्याला इथे चिकटवून दिलं. त्यांची आई सुलाबाई काही केल्या तयार नव्हती. शेवटी तयार झाली ती एका अटीवर. “तू न्हेतीयास, तूच आनून सोडायचं,” ती म्हणाली होती. “उद्या दुसऱ्या कुनाचं नाव सांगायचं न्हाई.” पल्लवीने तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता. तेव्हापासून मल्हार आत असला की पल्लवीला बाहेर घास गोड लागत नसे.

आषाढातल्या एका सकाळी ती अशीच फेसपुढे उभी राहिली, आणि तिला उजव्या अंगाला, खांद्याच्या उंचीवर, एक दिवळी दिसली.

दिवळी म्हणजे आपली घराच्या भिंतीत दिवा ठेवायला असते तीच. वीतभर रुंद, वीतभर उंच, तळ सपाट, वर कमान. कमानीच्या माथ्यावर काळा पट्टा वर चढत गेलेला. पल्लवी हसली. हा खडक म्हणजे एके काळचा लाव्हा. तो थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकतात आणि नाना आकारांच्या पोकळ्या राहतात. काळं म्हणजे मँगनीजचा डाग. तिने कागदावर ‘पोकळी, एक’ असं लिहिलं आणि सही ठोकली.

२

दुसऱ्या दिवशी तीन मीटर खडक उडाला आणि दिवळी तिथेच होती.

तिथेच म्हणजे तीन मीटर पुढे, पण उजव्या अंगाला, खांद्याच्या उंचीवर, तेवढीच. पल्लवीने टेप लावला. आकडे कालचेच आले. बुडबुड्याची कधीकधी लांब नळी होते, आणि ती नळी आपल्याच दिशेने चालली असेल तर दर फेसला भोक दिसणारच, असा विचार तिने केला. विचार चांगला होता. पण मग नळीला पाठ असायला नको. तिने दिवळीत हात घातला. वीतभर आत बोटं टेकली. पाठ होती, आणि ती गुळगुळीत होती.

तिसऱ्या दिवशीही दिवळी होती, चौथ्या दिवशीही. बुडबुड्यांची माळ असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. माळेतले मणी एकसारखे असतात की. शिकलेल्या माणसाला कारणांचा तोटा नसतो, आणि पल्लवी तर एम.एस्सी. झालेली.

पाळीवरच्या माणसांनी तेवढाही विचार केला नाही. दिवळी आहे म्हटल्यावर ती वापरायची. कुणी चष्मा ठेवी, कुणी तंबाखूची पुडी. मल्हार चहाचा कप ठेवायचा आणि मशिनीवर चढायचा. दिवळीत ठेवलेलं काही खाली पडत नाही, एवढी हादऱ्याची जागा असून कपातला चहाही हिंदकळत नाही, हे पहिल्यांदा त्याच्याच लक्षात आलं. त्याने ते बहिणीला कौतुकाने सांगितलं. तिला कौतुक वाटलं नाही.

३

फोरमन नाथाजी इस्लामपूरकडचा. बावीस वर्षं फौजेत काढली, तीही पूल बांधणाऱ्या आणि सुरुंग काढणाऱ्या पलटणीत. घरी ऊस होता. तो बायको विजयमाला आणि मुलगा बघत. नाथाजीला पेन्शन खात ओसरीवर बसणं जमेना, म्हणून तो पुन्हा दगडात आला. भुताखेतावर त्याचा विश्वास नव्हता. त्याचा विश्वास हेल्मेटच्या पट्ट्यावर. पट्टा सैल दिसला तर तो बापाच्या वयाच्या माणसालाही उभा-आडवा घेई.

अशा माणसाने ती चूक करावी, हेच नवल. पाचव्या दिवशी त्याने ऑफिसातल्या तसबिरीपुढची पणती उचलली, मेसमधलं सोयाबीनचं तेल घातलं, वात घातली आणि दिवळीत नेऊन लावली. पल्लवीने विचारलं तर उलट तोच बुचकळ्यात पडला.

“रिकामी दिवळी बरी दिसत न्हाई,” तो म्हणाला. “तिन्हीसांजंला घरात आसं सोडतो का आपुन?”

आमच्याकडच्या माणसाचं हे असंच आहे. रिकामं देऊळ दिसलं की तो चप्पल काढतो, रिकामी दिवळी दिसली की दिवा लावतो. कुणाची आहे हे विचारायचं त्याला सुचत नाही. पणती लागली, माणसांनी सवयीने हात जोडले आणि काम चालू झालं. पाळी संपली, सुरुंग भरले, सगळे बाहेर आले, आणि सुरुंग उडाल्यावर नाथाजीच्या ध्यानात आलं की पणती आतच राहिली. विडी-काडीसुद्धा आत नेऊ न देणारा माणूस तेवता दिवा विसरला. तो रात्री जेवला नाही.

सकाळी पल्लवी फेसपुढे गेली. दिवळी होती. पणती नव्हती, असणार कशी, तिचा भुगा झाला असणार. पण कमानीवरची काजळी ताजी होती. तिने बोट लावलं तर काळं झालं. दिवळीच्या तळाला हात लावला तर दगड कोमट लागला, आणि बोटाला तेल लागलं. तिने बोट नाकाशी नेलं.

ते सोयाबीनचं तेल नव्हतं. करडईचं होतं. घाण्यावरच्या करडईच्या तेलाचा वास तिला ओळखायला वेळ लागला नाही. आई तिला त्याच तेलाने न्हाऊ घालायची. तीन मीटर खडकाच्या आत, जिथे डोंगर झाल्यापासून कालच्या सुरुंगापर्यंत उजेड गेला नव्हता, तिथे कुणीतरी दिवा लावला होता. पल्लवीने बोट पँटला पुसलं आणि पेन्सिल उचलली, पण त्या दिवशीची रेघ काही सरळ आली नाही.

४

नाथाजी आता रोज दिवा लावू लागला आणि सुरुंगाआधी आठवणीने काढून घेऊ लागला. असं करायचं असं कुणी ठरवलं नव्हतं, पण बंद करा असंही कुणी म्हणेना. पल्लवीही म्हणाली नाही. तिला वाटलं, बंद केलं तर काय होईल हे मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचंही नाही.

आठव्या दिवशी दुपारी बोगद्याच्या तोंडाशी बहीणभाऊ डबा खात बसले होते. बाहेर पावसाने उघडीप दिली होती. खालच्या वावरात बायका घेवड्यात खुरपत होत्या. मल्हारने भाकरीचा तुकडा मोडला आणि सहज बोलावं तसं बोलला.

“आक्का, दिवळी भिंतीच्या कुठल्या अंगाला आसती?”

“आतल्या.”

“तेच म्हनतो मी. भाईरच्या अंगाला कोन काढतंय?” तो म्हणाला. “मग आपुन ज्या अंगाला उभं हाय, ते घराचं आत झालं की.”

पल्लवीला आधी हसू आलं. मग ते गेलं. आपण डोंगर फोडून कुणाच्या तरी घराच्या भिंतीपर्यंत आलो आहोत, असं तिने मनात कुठेतरी धरलं होतं. मल्हारचं म्हणणं उलटं होतं. ते घरात केव्हाच शिरले होते. रोज तीन-तीन मीटर ते घर वाढवत होते, आणि रोज कुणीतरी पुढच्या भिंतीला दिवळी करत होतं.

त्याच दुपारी पंख्याची कसलीशी दुरुस्ती निघाली आणि दहा मिनिटं पंखा बंद ठेवला. माणसं बाहेर होती. पल्लवी एकटीच फेसपाशी मापं घेत होती. पंखा थांबला की बोगद्यात अशी शांतता होते की आपलाच श्वास दुसऱ्याचा वाटतो. त्या शांततेत तिला झाडल्याचा आवाज आला. शिंदीच्या केरसुणीचा, बारीक, बेताबेताने. दोन फटकारे, मग थांबणं, पुन्हा दोन. तिने टॉर्च फिरवली. कुणी नव्हतं. पाणी झिरपत असेल, कच घसरत असेल, ती म्हणाली. मग तिने टॉर्च खाली धरली. साऱ्या बोगद्यात घोट्याइतकी कच पडलेली, पण दिवळीपुढची हातभर जमीन स्वच्छ होती.

संध्याकाळी तिने मल्हारला सांगितलं की चार दिवस गावाला जाऊन ये, आई एकटी आहे. मल्हार म्हणाला की आईचा कालच फोन झाला, ती मजेत आहे, आणि आता साठ मीटर उरले असताना मशीन दुसऱ्याच्या हातात कोण देईल. तिने आणखी आग्रह केला असता, पण कारण काय सांगणार? भीती वाटते, हे कारण तिच्या हुद्द्याच्या माणसाने सांगायचं नसतं. भीती मात्र वाटत होती, आणि ती स्वतःसाठी कमी, त्याच्यासाठी जास्त होती.

५

अठराव्या दिवशी फेसवर दिवळी नव्हती.

बोगद्यात सकाळ काय नि दुपार काय, पण बाहेर दहा वाजले होते. खडक कोरडा, घट्ट, काळाभोर. हातोडी मारली की खणखणीत वाजत होता. उजव्या अंगाला साधा सरळ दगड. माणसांच्या चेहऱ्यावरून ओझं उतरल्यासारखं झालं. कुणी म्हणालं, गेली एकदाची पीडा. नाथाजीने हातातली पणती निमूट खिशात घातली.

नेमके त्या दिवशी वीरधवल साहेब आत आले होते. सगळ्या कामाचे मुख्य तेच. साताऱ्याचे, सरळ आणि तापट. पलीकडची तुकडी वेगाने येत होती, आणि आपण मागे पडायचं नाही हे त्यांनी मनावर घेतलं होतं. त्यांनी खडकाकडे बघितलं, पल्लवीकडे बघितलं आणि सही मागितली.

पल्लवीचा हात कागदावर गेला आणि तिथेच राहिला. एवढा चांगला खडक तिने महिनाभरात बघितला नव्हता. सही न करण्याचं एकही कारण नव्हतं. पण सतरा दिवस जे रोज दिसत होतं ते आज दिसत नव्हतं. पाच मिनिटं द्या, एवढं म्हणून ती मागे वळली. साहेब मागून मल्हारला म्हणाले की मॅडमची सही होईपर्यंत पहिली दोन भोकं मारून घे.

ती टॉर्च घेऊन बोगद्याच्या तोंडाकडे चालू लागली. आपण काय शोधतोय हे तिला ठाऊक होतं, फक्त ते कबूल करायचं नव्हतं. चाळीस पावलांवर ती थांबली.

दिवळी तिथे होती. डाव्या हाताला, बाजूच्या भिंतीत. ती भिंत मागच्याच आठवड्यात काँक्रीट फवारून पक्की केलेली, आत लोखंडी जाळी. तिथे बोट घालायला फट नव्हती हे पल्लवीने स्वतः तपासलं होतं. आता तिथे कमान होती, काठ घोटलेले, जाळीची एक तार दिसत नव्हती. आणि आत एक पणती. नाथाजीची नव्हे, त्याची त्याच्या खिशात होती. ही जुनी, काळपट, जाडजूड. तेल काठोकाठ भरलेलं. वात नवी, पुढे ओढून ठेवलेली, न लावलेली.

अंधार पडायच्या आधी घरातली बाई दिवा घासूनपुसून, तेल-वात करून ठेवते, तशी ती तयारी होती. अंधार व्हायचाच बाकी होता. पल्लवीला हे कळलं. तिच्या पाठीमागे, चाळीस पावलांवर फेसपाशी, मल्हारचं ड्रिल सुरू झालं.

६

आयुष्यात तिने मोजमापाबद्दल कधी खोटं सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. ती पळत फेसकडे गेली आणि गॅस, गॅस, मागे व्हा, असं ओरडली. गॅस म्हटलं की बोगद्यात कुणी ‘का’ विचारत नाही. नाथाजीने शिट्टी मारली. माणसं हातातलं तिथेच टाकून निघाली. पल्लवी त्यांना चाळीस पावलांपर्यंत घेऊन आली आणि दिवळीच्या अलीकडे, बोगद्याच्या तोंडाच्या बाजूला उभं केलं. बाहेर नेण्याचं तिला सुचलं नाही. ती एवढंच म्हणत राहिली की याच्या पुढे नाही, याच्या पुढे कुणी नाही.

मल्हार आला नव्हता. ड्रिलचा दांडा भोकात अडकला होता आणि तो मशिनीवरच होता. दांडा तसाच सोडला तर मशीन बिघडतं, हे त्याचं म्हणणं. पल्लवी परत गेली. मशिनीच्या आवाजात ओरडून उपयोग नव्हता. ती पायरीवर चढली, त्याचं मनगट धरलं आणि कानाशी तोंड नेऊन साध्या आवाजात बोलली.

“गॅस न्हाई. मी खोटं बोलले. तरी चल.”

त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं. मेंढरं राखणाऱ्या घरातला तो. पुढच्याने कान टवकारले की मागच्याने कारण विचारायचं नसतं, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. त्याने मशीन बंद केलं आणि उतरला.

दिवळीपाशी वीरधवल साहेब गॅस मोजायचं यंत्र हातात घेऊन उभे होते. त्यावर शून्य होतं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी यंत्र पल्लवीपुढे धरलं, आणि तिने मान खाली घातल्यावर तडक फेसकडे निघाले. नाथाजीने त्यांचा दंड धरला. साहेबांचा दंड धरायची त्या कामावर कुणाची टाप नव्हती.

“साहेब, दोन मिनटं,” नाथाजी म्हणाला. “मग मला कामावरनं काडा.”

दोन मिनिटं लागली नाहीत.

७

आधी आवाज आला नाही, वारा आला. गार, ओला, मातीच्या वासाचा वारा, असा की माणसं मागे ढकलली गेली. मग गडगडाट झाला. दिवे गेले. हेल्मेटवरच्या टॉर्चा धुळीत पेटून न पेटल्यासारख्या झाल्या. पल्लवीने मल्हारचं मनगट सोडलं नव्हतं. आपण त्याला आणलं, आणि आपण त्याला परत नेऊ शकलो नाही, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता.

मग तिला उजेड दिसला.

दिवळीतली पणती पेटलेली होती. कुणी लावली हे तिने बघितलं नाही. भोवती वारा घोंघावत होता, माणसांचे कपडे फडफडत होते, आणि ज्योत सरळ उभी होती, देवघरात असते तशी. पल्लवी डोळे फाडून बघत राहिली. ज्योतीच्या एका अंगाला अंधार होता. अंधार नव्हे, आडोसा होता. वाऱ्यात दिवा नेताना बाई तळवा आडवा धरते, तसा एक तळवा. उजेडाने बोटांच्या कडा लाल दिसत होत्या. मनगटापाशी हिरव्या काचेसारखं काही चमकलं, आणि त्याच्या मागे काय होतं ते धुळीत दिसलं नाही. पल्लवीला बघायचंही नव्हतं. तिने मान फिरवली आणि त्या उजेडात माणसं मोजली. पाळीवरचे अकरा, साहेब आणि ती. तेरा. तिने पुन्हा मोजली. तेराच.

पाण्याचा आवाज जवळ आला, लोळत, दगड घेऊन. मग जड होत गेला. मग थांबला. नाथाजीने टॉर्च मारली तर दिवळीपासून नऊ पावलांवर लाल चिखलाची पुरुषभर उंच दरड येऊन बसली होती. मल्हारचं मशीन तिच्या पार पलीकडे, कुठेतरी आत होतं.

एकेकाच्या खांद्यावर हात ठेवून तेराजण बाहेर निघाले. सगळ्यात शेवटी पल्लवी होती. तिला सारखं वाटत होतं की मागे वळून बघावं, आणि तिने ते केलं नाही. बाहेर ऊन पडलं होतं. खालच्या वावरातल्या बायका खुरपी टाकून वर धावत येत होत्या. मल्हार मातीत बसला आणि लहान मुलासारखा रडला. पल्लवीलाही रडू आलं, आणि तिने ते कुणापासून लपवलं नाही.

८

त्या घट्ट काळ्या खडकाच्या पाठीमागे दोन हातांवर लाल मातीचा थर आणि त्यात कोंडलेलं पाणी होतं, असं पुढे तपासात निघालं. वरून ठोकून ते कुणालाच कळलं नसतं. वीरधवल साहेबांनी पल्लवीला खोलीत बोलावून दार लावून घेतलं आणि विचारलं की गॅस होता का. नव्हता, ती म्हणाली. मग काय होतं, त्यांनी विचारलं. तिने पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं. नोकरी जाईल, असं ती धरूनच चालली होती.

“त्या वाऱ्यात ज्योत हलली नाही,” साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. “मला वाटलं, मलाच तसं दिसलं.”

त्यांनी अहवालात एवढंच लिहिलं की जिऑलॉजिस्टने धोका ओळखून माणसं मागे घेतली. त्यात खोटं काही नव्हतं.

चिखल काढायला आणि पाण्याला वाट काढून द्यायला महिना गेला. दिवळी राहिली नव्हती. ती भिंत पुन्हा सलग झाली होती. पल्लवीने तिच्यावर हात फिरवून बघितला, हातोडी लावायचं मात्र तिला धैर्य झालं नाही.

काम पुन्हा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सुलाबाई आली. एस.टी.ने कोरेगावला उतरून, तिथून कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून थेट बोगद्याच्या तोंडाशी. पिशवीत डाळिंबं होती आणि मनात निश्चय होता. मल्हारला घेऊन जायला आली होती. अपघाताचं तिला कळलं होतं. दिवळीचं कुणीच सांगितलं नव्हतं, ना पल्लवीने ना मल्हारने. आईला आधीच झोप नाही, तिला आणखी कशाला, असं दोघांनी ठरवलं होतं. मल्हार म्हणाला की मला राहायचंय, उरलेला बोगदा मीच खणणार. सुलाबाईने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ती लेकीला म्हणाली की आधी ती जागा दाखव, मग बोलू.

नाथाजीने तिच्या डोक्यावर हेल्मेट घातलं आणि पट्टा नीट आवळला. चौघं आत गेले. सुलाबाई इकडेतिकडे बघत, छताकडे बघत, भक्कम पावलं टाकत चालली होती. पल्लवीला वाटलं की ती फेसपर्यंत जाईल, मातीला हात लावेल आणि पोराचा हात धरून निघेल. आणि आपण नाही म्हणू शकणार नाही, कारण तो शब्दच तसा होता.

चिखल येऊन थांबला होता, तिथून नऊ पावलं अलीकडे सुलाबाई थांबली.

आत येणाऱ्याच्या उजव्या हाताला सलग भिंत होती. सुलाबाईने हेल्मेट काढून नाथाजीच्या हातात दिलं. नाथाजीने ते दोन्ही हातांनी धरलं. तिने पदर डोक्यावरून घेतला, दोन्ही खांद्यांवर नीट ओढला. घरी ती असं कधी करत नसे. परक्या घरात थोरली बाई समोर आली तरच करी. मग ती वाकली आणि जमिनीपाशी, कुणाच्या पायाला लावावा तसा हात लावला. पल्लवीने बघितलं. भिंत होती, उजेड होता, बाकी काही नव्हतं. मल्हारने तिचा दंड घट्ट धरला होता.

सुलाबाई उभी राहिली. ती थोडा वेळ तशीच थांबली, कुणी बोलत असताना मधे बोलू नये म्हणून थांबतात तशी. एकदा तिने मान हलवली. मग पिशवीतली दोन डाळिंबं काढून भिंतीच्या पायथ्याशी ठेवली, आणि लेकीकडे वळली. तिच्या आवाजात राग होता, पण तो घरातला राग होता.

“पल्ले, हितं बाईमानूस हाय म्हनून मला सांगितलं न्हाईस,” ती म्हणाली. “मी कवाधरनं जिवाला घोर लावून बसलीया.”

पल्लवीने भिंतीच्या पायथ्याशी ठेवलेल्या डाळिंबांकडे बघितलं.

“ऱ्हाऊ दे त्याला हितं,” सुलाबाई म्हणाली. “तूच आनून सोड म्हनले हुते, ती आन सुटली बघ. येईल त्यो त्याचा त्यो.” मग ती मल्हारकडे वळली. “आन् तुमी रं? घरात थोरलं मानूस आसताना न सांगता येनं-जानं करता व्हय? कुनी वळन लावलं न्हाई का?”

संध्याकाळच्या एस.टी.ने ती एकटी परत गेली. काय दिसलं, कोण होतं, हे पल्लवीने तिला त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. पाळी संपल्यावर बाहेर पडताना त्या भिंतीपाशी मल्हार थांबला, जरा लाजला, आणि “येतो” म्हणाला. त्याच्या मागून नाथाजी म्हणाला. मग एकेक करत सगळे म्हणाले, कुणी मोठ्याने, कुणी ओठातल्या ओठात. पल्लवी शेवटची होती. इतके दिवस ती इथून पळल्यासारखी जायची. त्या दिवशी ती थांबली.

“येते,” ती म्हणाली, आणि उत्तराची वाट बघत क्षणभर उभी राहिली. उत्तर आलं नाही. बरंच झालं, असं तिला वाटलं, आणि ती भावाच्या मागे उजेडाकडे चालू लागली.